तोंडात धरून आणलेला आवाज

मामंजी, तुमचं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी गॅरेजवाला नसीम दारात उभा राहिला. हातात तीच ओळखीची पिशवी. सवयीने त्याने चपला बाहेर काढल्या, सवयीनेच तुमच्या खुर्चीकडे वळून "प्रणाम गुरुजी" म्हणायला तोंड उघडलं आणि खुर्ची रिकामी बघून तसाच राहिला. पिशवी खाली ठेवायचंही त्याला सुचेना. शेवटी मीच ती त्याच्या हातातून घेतली. वजनावरून आणि तेलाच्या डागावरून कळलं, पांढऱ्या व्हॅनचा सेल्फ.

"भाभी, फिर ओही नाटक," तो म्हणाला. "नाहीं लेत हौ. टक-टक करत हौ, बस."

गाडीच्या स्टार्टर मोटरला सगळे सेल्फ म्हणतात, हे तुम्हाला मीच सांगितलं होतं. किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला धक्का देते ती मोटर. त्यावर तुम्ही विचारलं होतंत की तिचं नाव सेल्फ, तर मग तिला माझी गरज का पडते. तुमचे प्रश्न असेच असायचे.

ह्या व्हॅनवरून आपला वाद अर्धाच राहिला. तुम्ही म्हणत होतात, दोष मोटरीत नाही. मी म्हणत होते, मोटरीतच आहे. आणि बाहेर लोक म्हणत होते, गुरुजींचा कान गेला. तुम्ही गेल्याचं दुःख मला आहेच, ते कुठं जाणार आहे. पण ह्या कानाच्या बोलण्याचा मला जो राग आहे, तो दुःखाच्याही वर बसलाय. ज्या माणसाने जन्मभर कानाच्या जोरावर वेद सांभाळले, त्याने जाताना कान गेलेला म्हणून जावं, हे मला चालणार नव्हतं. म्हणून मी काय केलं ते तुम्हाला सांगायला बसलेय. मध्येच थांबवू नका.

आपली सुरुवात जेवणाच्या पानावर झाली. मी लग्न होऊन नागपूरहून इथं उत्तरेत, दूधविनायकातल्या गल्लीत आले, त्याला फार दिवस झाले नव्हते. माझ्या वडिलांचं तिकडे ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं आणि कॉलेज सुटलं की मी तिथंच असे. ही गोष्ट लग्नाच्या बोलण्यात कुणी लपवली नव्हती आणि कुणी मुद्दाम काढलीही नव्हती. घनपाठींच्या घरात सेल्फचं काम निघणार कुठून, असं दोन्हीकडच्यांनी धरलं होतं. त्यातून आपल्या गल्लीत समोरून गाय आली तर माणसाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं, तिथं मोटारीचा प्रश्नच नव्हता.

तर त्या दिवशी तुम्ही रामनगरच्या एका यज्ञाहून उशिरा आलात, भुकेजलेले आणि चिडलेले. वाटेत जीप अडली होती. वरणभात कालवता कालवता तुम्ही सासूबाईंना गाऱ्हाणं सांगत होतात, "सकाळपासून नुसतं हेच. स्सूँऽऽ. स्सूँऽऽ. गाडी बिलकुल हलेना." तो आवाज तुम्ही असा हुबेहूब काढलात, खालून वर चढणारा आणि शेवटी हवेत सुटणारा, की मी तूप वाढता वाढता बोलून गेले, "बेंडिक्स घसरतंय."

सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. तुम्ही घास खाली ठेवलात.

"काय म्हणालीस? पुन्हा सांग."

मी सांगितलं, मोटर फिरतेय, पण तिच्या टोकाचं दातेरी चाक इंजिनाला धरत नाहीये, मोकळंच फिरतंय.

"हे तुला इथं बसून कळलं?"

"तुम्ही आवाज नीट आणलात म्हणून," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या जीपचा सेल्फ उतरवून घरीच आणवलात. मैदागिनला रस्त्याच्या कडेला नसीमचं गॅरेज आहे, त्याची आणि आपली ओळख तेव्हाची. मी आतलं घट्ट झालेलं ग्रीस रॉकेलने धुतलं, बेंडिक्स नवीन टाकला, आणि जीप लागली, किल्लीसरशी सुरू. सासूबाईंना काळजी पडली, लोक म्हणतील घनपाठींची सून काळे हात घेऊन बसते. तुम्ही एवढंच म्हणालात, "हात धुता येतात." आणि त्याच आठवड्यात अंगणात नळाशेजारी सुटे भाग घट्ट धरायची माझी वाइस बसवून दिलीत. पुढे कुणी विचारलं, सून काय करते, की तुम्ही सांगायचात, "सेल्फ उघडते." दुसरे सासरे सून डॉक्टर आहे म्हणून सांगतात ना, अगदी त्या सुरात. मी आत पोळ्या लाटत असायची आणि माझ्या पोळ्या जरा जास्तच गोल व्हायच्या.

पण नागपूरचं काम वेगळं होतं. तिथं गाडी दुकानाच्या दारात उभी असायची. इथं गाडी मैदागिनला आणि मी दूधविनायकात, मध्ये सगळ्या गल्ल्या. नुसता सेल्फ पिशवीत घालून आणायचा. टेबलावर बॅटरी लावली की तो छान भिरभिरायचा आणि गाडीत गेला की मान टाकायचा. रोग्याला घरी ठेवून नुसती त्याची जीभ वैद्याकडे पाठवावी, तसला तो प्रकार. मी विचारायची, गाडीत असताना आवाज कसा येतो? नसीम म्हणायचा, "खराब आवाज आवत हौ." ड्रायव्हर तर हातवारेच करायचे. एक दिवस तुम्ही वैतागून उठलात, "थांब, मीच ऐकून येतो." आणि मग तो आपल्या घरचा रिवाजच पडला.

उपरणं खांद्यावर, हात पाठीमागे, गाडीला बोटही न लावता तुम्ही बॉनेटपाशी कान न्यायचात आणि नसीमला म्हणायचात, "घुमाओ." एकदा. परत एकदा. मग वळायचात आणि चालू लागायचात, आणि घरी पोचेपर्यंत तोंडातून अवाक्षर नाही. वाटेत बोललं की आवाज पुसला जातो, हे तुमचं म्हणणं. वाटेतला सगळा चौखंबा "प्रणाम गुरुजी, प्रणाम गुरुजी" करतोय आणि तुम्ही नुसता हात वर करून निघालात, ओठ घट्ट मिटलेले, गाल किंचित फुगलेले. नवख्या माणसाला वाटायचं, गुरुजींचं मौनव्रत आहे. एकदा जिलबीवाल्याने गरम जिलबी पुढे केली तरी तुम्ही घेतली नाहीत म्हणतात. हे मात्र मला आजही खरं वाटत नाही.

फक्त एकदा तुम्ही हरलात. पुण्याहून आलेलं एक म्हातारं जोडपं गल्लीत चुकलं होतं आणि त्यांनी चक्क मराठीत विचारलं, अमृतराव घाट कुठं आला हो? रस्त्यावर मराठी कानावर पडलं की तुमच्याने राहवत नसे. तुम्ही त्यांना वाट सांगितलीत, गाव विचारलंत, आडनाव विचारलंत, बहुतेक गोत्रही विचारलं असेल. मग दारापर्यंत आलात, माझ्याकडे बघितलंत, तोंड उघडलंत आणि आत काही नव्हतं. आल्या पावली परत मैदागिनला गेलात.

आणलेला आवाज तुम्ही अंगणात माझ्यासमोर उभं राहून सोडायचात. "ठक्." एकच आणि जड. मी म्हणायची, मोटरीच्या पाठीवरचा छोटा डबा, सोलेनॉइड, तो ढकलतोय पण पुढे वीज सोडत नाही, आतलं तांबं जळालंय. "टक्‌टक्‌टक्‌टक्." मी म्हणायची, वीज अपुरी पडतेय, बॅटरी नाहीतर तारा. "र्रूँ... र्रूँ... र्रूँ," ओढत ओढत. मी म्हणायची, दांडा पेलणारे बुश झिजलेत, फिरणारं आर्मेचर आत घासतंय. शेजारच्या घरी पाठ करणारे विद्यार्थी खिडकीतून बघून हसायचे. तुम्ही नुसती मान वळवली की खिडकी बंद.

मध्यंतरी नसीमने फोनवर आवाज भरून पाठवायला सुरुवात केली. तुम्ही तो ऐकलात, फोन उलटा करून पाहिलात आणि म्हणालात, "ह्याने खालचा भाग खाल्लाय." मी हसले. मग तुम्ही जाऊन तोच आवाज आणलात आणि खरंच त्याच्या तळाशी एक बारीक घरघर होती, जी फोनमध्ये आलीच नव्हती. ती घरघर म्हणजेच झिजलेले बुश. त्यानंतर मी हसले नाही.

हॉर्नची युक्ती तर सर्वस्वी तुमची. माझे वडील हेडलाइट लावून किल्ली फिरवायला सांगायचे. दिवा मंदावला तर मोटर वीज खेचतेय, मंदावला नाही तर वीज वाटेतच अडलीय. हे मी तुम्हाला सांगितलं, पण भर उन्हात तुम्हाला दिव्यातला फरक दिसेना. तुम्ही म्हणालात, "हॉर्न दाबून धरायला सांग आणि मग किल्ली." हॉर्नचा स्वर किती उतरतो त्यावरून तुम्ही निदान करायला लागलात. फार उतरला, तर बॅटरी मेलीय किंवा मोटर अडकलीय. थोडा उतरून सावरला, तर सगळं ठीक. आणि जागचा हललाच नाही, तर मोटरीला वीज मिळतच नाहीये. मैदागिनच्या त्या गोंगाटात, जिथं शेजारी बोललेलं समजत नाही, एका हॉर्नचा पाव स्वर उतरलेला ऐकणारा माणूस माझा सासरा होता. मला ह्याचा केवढा अभिमान होता ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सासऱ्याचं तोंडावर कौतुक करायची आपल्यात रीत नाही. आता तोंडच समोर नाही, तर सांगून टाकते.

आणि तपासायचा क्रमही तुमचाच. तुम्ही घनपाठी, वेदातले शब्द सरळ, उलट, पुन्हा सरळ असे एकमेकांत गुंफून म्हणणारे. मी बॅटरी, तार, सोलेनॉइड, मोटर असं एकेक बघायची. तुम्ही म्हणायचात, "एकेक नको, दोन-दोन धर. बॅटरी आणि तार. तार आणि सोलेनॉइड. सोलेनॉइड आणि मोटर. चूक दोघांच्या मध्ये बसलेली असते." मी मोटरीपर्यंत येऊन थांबले की तुमचा ठरलेला प्रश्न, "आणि परत?" मोटरीत गेलेली वीज इंजिनाच्या लोखंडातून, मग एका पट्टीने गाडीच्या सांगाड्यातून, अशी बॅटरीत परत यावी लागते. त्या परतीच्या वाटेला आम्ही अर्थ म्हणतो. तुम्ही म्हणायचात, "जाण्याची वाट सगळे बघतात, परतीची कुणी बघत नाही." मी हो हो म्हणायची आणि दुसऱ्या कामाला लागायची.

मग ते वेदपाठशाळेतलं झालं. ब्रह्मा घाटावर परीक्षेच्या वेळी तुम्ही एका विद्यार्थ्याला थांबवलंत, स्वर चुकला म्हणालात. बाकीचे म्हणाले, चुकला नाही. त्या दिवशी कोण बरोबर होतं ते मला ठाऊक नाही. मी तिथं नव्हते आणि असते तरी मला कळलं नसतं. पण पुढच्या परीक्षेला तुम्हाला बोलावणं आलं नाही. कुणी काही बोललं नाही, नुसतं बोलावणं आलं नाही. तुम्हाला मागून हाक मारली तर तुम्ही वळत नव्हतात, हे खरं आहे. पण ते तुम्ही आधीही करायचात, विशेषतः भाजी आणायची असेल तेव्हा.

तुम्ही नसीमकडे काम नसलं तरी मैदागिनला जायला लागलात, एवढंच. परत आलात की काहीतरी आवाज घेऊन यायचात. कधी कुणाच्या स्कूटरचा, कधी पाण्याच्या पंपाचा. मी कान देऊन ऐकायची. तुम्हाला काय हवंय ते मला कळत होतं.

पांढरी व्हॅन त्याच दिवसांतली. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात न्यायला आपल्या मराठी लोकांच्या समितीने ठेवलेली गाडी, मैदागिनला उभी असते. पाडव्याला तिला नवा रंग देऊन पूजा झाली आणि काही दिवसांत तिचा सेल्फ नखरे करायला लागला. तुम्ही ऐकून आलात, अंगणात उभे राहिलात. "टक्‌टक्‌टक्‌टक्. आणि हॉर्न जागचा हलत नाही." मग खुर्चीत बसून म्हणालात, "मोटर उघडू नकोस. परतीची वाट बघ."

पण नसीमने सांगितलं, अर्थची पट्टी जागेवर आहे, बोल्ट कसलेला आहे, त्याने स्वतः ओढून पाहिलंय. आणि बबलू ड्रायव्हर म्हणाला, "टक-टक नाहीं गुरुजी, एक्के बेर ठक्क करत हौ." एकच ठक् म्हणजे माझ्या हिशेबाने सोलेनॉइड. मी मोटर उघडली. आत तांबं थोडं काळवंडलेलं होतं. ते घासलं, आत वीज पोचवणारे कार्बन नवे टाकले, आर्मेचर पॉलिश पेपरने साफ केलं, टेबलावर मोटर भिंगरीसारखी फिरली. गाडीत बसवली, गाडी लागली. मी तुमच्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं.

"चार दिवस थांब," तुम्ही म्हणालात.

ती पुन्हा बंद पडली. ते दोघं मोटर परत घेऊन आले तेव्हा बबलू दाराबाहेर नसीमला म्हणाला, "गुरुजी के अब सुनात नाहीं हौ." मी ऐकलं. तुम्हीही ऐकलंत. म्हणजे ज्याला ऐकू येत नाही म्हणे, त्याने दाराबाहेर हळू बोललेलं तेवढं नेमकं ऐकलं. तुम्ही उठून आत गेलात.

मी दुसऱ्यांदा उघडली, आत काही सापडलं नाही, आणि आपण भांडलो.

"निवडलेले तांदूळ किती वेळा निवडशील?" तुम्ही म्हणालात.

"मग गाडी का बंद पडते?"

"मी कधीचं सांगतोय तुला."

"पट्टी कसलेली आहे, मामंजी."

"मी पट्टी बघितली नाहीये. मी हॉर्न ऐकलाय."

पण त्याला तुमच्याकडे पुरावा नव्हता. पाठशाळेतही तुम्ही असंच म्हणाला असाल, मी ऐकलंय म्हणून. मी मोटर बंद करून गाडीत पाठवली आणि आपण दोघं दोन दिशांना तोंड करून चहा प्यालो.

तुमच्या छातीत कळ आली तेव्हा तीच व्हॅन होती. गल्लीतून तुम्हाला खुर्चीत बसवून उचलून नेलं, आत झोपवलं, आणि आम्ही सगळे श्वास धरून बबलूच्या हाताकडे बघत होतो. किल्ली फिरली आणि गाडी पहिल्याच झटक्यात लागली. मला रडू फुटायचं बाकी होतं. तुम्ही डोळे मिटलेलेच ठेवून म्हणालात, "आज लागली. पण तिचं खरं नाही. घरी आल्यावर बघू." माझ्याशी तुमचं शेवटचं बोलणं ते. लोकांचे सासरे जाताना देवाचं नाव घेतात. माझ्या सासऱ्याने गाडीचं निदान केलं. ह्या गोष्टीवरून मला रडू येतं आणि त्यातच हसू येतं, आणि हे कुणाला सांगितलं तर त्यांना कळत नाही.

तर परवा नसीम ती मोटर घेऊन आला. म्हणाला, समितीने ठरवलंय, ही भंगारात टाकायची आणि नवीन बसवायची. मला एकदम दिसलं, पुढे काय होणार ते. नवीन मोटर बसणार, गाडी काही दिवस चालणार, आणि सगळे म्हणणार, बघा, दोष मोटरीतच होता, गुरुजींना उगीच भास होत होते. तुमचं बोलणं कायमचं खोटं पडणार आणि ते खरं करायला तुम्ही इथं नसणार.

मी म्हटलं, "नसीमभाई, यही मोटर वापस गाड़ी में लगाइए. मैं आती हूँ."

तो बघतच राहिला. मी मैदागिनला भाजीला जाते, बँकेत जाते, पण सेल्फसाठी कधी गेले नव्हते. कुणी अडवलं नव्हतं. तुम्ही जात होतात, म्हणून गरजच पडली नव्हती. हे रजेवर घरीच होते, म्हणाले, मी येऊ का बरोबर? मी म्हटलं, नको.

दुपारी मैदागिनला ई-रिक्षांची ही गर्दी. नसीमने मोटर बसवली होती. मी बबलूला म्हटलं, "हॉर्न दबाए रखो, फिर चाबी." हॉर्न वाजला, किल्ली फिरली. टक्‌टक्‌टक्‌टक्. एक ठक् नव्हे. तुम्ही अंगणात सोडला होतात तोच आवाज, जसाच्या तसा, मी तो तुमच्या तोंडून आधीच ऐकलेला. हॉर्न मला हललेला वाटला नाही, पण शपथेवर काही सांगता आलं नसतं. तुमचा कान माझ्याकडे नाही. माझ्याकडे मीटर आहे.

मी तुमच्या क्रमाने धरलं. बॅटरी आणि तार, ठीक. तार आणि सोलेनॉइड, ठीक. सोलेनॉइड आणि मोटर, ठीक. तिथं सवयीने माझा हात थांबला. मग मी स्वतःलाच मोठ्याने विचारलं, "आणि परत?" नसीमला वाटलं मी त्याला काही म्हणतेय. मीटरची एक पिन इंजिनाच्या लोखंडाला टेकवली, दुसरी बॅटरीच्या मायनसला. बबलूने किल्ली फिरवली. जिथं आकडा शून्याजवळ राहायला हवा, तिथं तो उडी मारून वर गेला. बॅटरीतला बहुतेक जोर त्या परतीच्या वाटेवरच अडून बसला होता.

पट्टी जागेवर होती. बोल्ट कसलेला होता. नसीम खरंच बोलला होता. मी बोल्ट काढायला लावला आणि पट्टी उचलली. खाली सांगाड्यावर काळा, गुळगुळीत, सुंदर रंग. मग बबलूला आठवलं. पाडव्याच्या पूजेला बॉनेट उघडून आत हळदकुंकू वाहायचं होतं, तर आतही कसं स्वच्छ दिसायला हवं, असं कुणाच्या तरी मनात आलं. म्हणून पट्टी काढून आतला सांगाडाही रंगवून घेतला आणि रंग वाळल्यावर पट्टी वरून घट्ट कसली. लोखंड लोखंडाला नीट लागतच नव्हतं. मोटर काढता-घालताना धक्का बसून कुठंतरी जरासं टेकायचं, काही दिवस चालायचं, पुन्हा सुटायचं. ही चूक आपल्याच माणसांना सुचू शकते. रागावू तरी कुणावर? तो रंग देवासाठी दिलेला होता.

मी पॉलिश पेपर घेतला आणि खालचं लोखंड चकाकेपर्यंत तो रंग घासला. पट्टीचं टोक घासलं. नसीमने बोल्ट कसला.

"हॉर्न," मी म्हटलं.

हॉर्न वाजला. मग किल्ली. आणि मामंजी, हॉर्न उतरला. किती उतरला ते तुम्ही सांगितलं असतंत. पण तो खाली गेला, गाडी लागली तसा सावरून वर आला, आणि हे मला ऐकू आलं, माझ्या कानांना, मैदागिनच्या भर गर्दीत. उतरलेला ऐकला तेव्हा मला कळलं की तो आधी उतरत नव्हता म्हणजे काय. तुम्ही तेच तर सांगत होतात.

बबलूने गाडी बंद केली आणि मी न सांगता हॉर्न दाबून पुन्हा लावली. पुन्हा बंद केली, पुन्हा लावली. मग खाली उतरला आणि नसीमला म्हणाला, "गुरुजी ठीक कहत रहलन."

नसीम हात पुसत होता. म्हणाला, "गुरुजी गलत कब कहलन?"

त्याने माझ्यासाठी चहा मागवला. नको म्हणायला मी तोंड उघडणार होते आणि थांबले. नुसता हात वर केला आणि निघाले.

गल्लीत शेजारच्या काकू भेटल्या, विचारलं, अगं एकटीच कुठं गेली होतीस? मी हात वर केला. जिलबीवाल्याने विचारलं, "भाभी, घरे सब ठीक?" मी हात वर केला. तोंडात तो आवाज धरलेला, आणि डोळ्यांतून पाणी गळतंय ते पुसायला गेलं तर ओठ सुटतात. लोकांना वाटलं असेल, सासऱ्याच्या दुःखाने हिची वाचा बसली. इतकी वर्षं तुम्ही हे असं चालत यायचात, माझ्यासाठी, उन्हात, थंडीत, जिलबी नाकारून. ते किती कठीण असतं ते मला आता चालल्यावर कळलं. तुमचे उपकार कुठल्या शब्दांत मानायचे ते अजून सुचलेलं नाही.

दार ह्यांनी उघडलं, काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं नाही. सरळ अंगणात वाइसपाशी गेले आणि तुमच्या खुर्चीसमोर उभी राहिले. मी आजवर कधी आवाज काढून दाखवला नव्हता. ते तुमचं काम, आणि मला लाजही वाटायची. मी तोंड उघडलं. आधी हॉर्न, लांब. मग तो खाली उतरताना, त्याच्याखाली र्रूँ-र्रूँ-र्रूँ, मग घर्र करून इंजिन आणि हॉर्न सावरून वर. जमला तेवढा. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, शेवटी चढा लागला.

शेजारची खिडकी उघडली होती. विद्यार्थी ओळीने उभे राहून बघत होते आणि ह्या वेळी कुणी हसलं नाही. ते पाठशाळेत जाऊन सांगतील. सांगू देत, म्हणूनच मी खिडकीकडे वळून बघितलं नाही.

ह्यांनी हळूच विचारलं, "मोटरीत काय होतं?"

"काही नव्हतं," मी म्हटलं. "मामंजींनी बरोबर ऐकलं होतं."